आंब्याची पेटी आणि ऑडीचं छत

पत्र म्हापशाहून आलंय. नाव छापू नका म्हटलंय, म्हणून छापत नाही. पत्र लांबलचक आहे, त्यातला कामाचा भाग असा:

"मी एकोणतीस वर्षांचा आहे. गेल्या वर्षी मुंबईहून सेकंडहँड ऑडी टीटी घेतली. २०१० चं मॉडेल, दोन दारांची कूपे, म्हणजे पक्क्या छताची. मला लहानपणापासून उघड्या गाडीचं वेड, पण बजेटमध्ये हीच बसली. डिसेंबरात माझं लग्न आहे, मुलगी सावंतवाडीची. तिला उघड्या गाडीतून घरी आणायची माझी फार इच्छा आहे. ओळखीचे एक मेस्त्री म्हणतात, छत कापून कापडी हूड बसवून देतो, दीड लाख रुपये आणि वीस दिवस. पंचवीस हजार आगाऊ दिलेत. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. परदेशात लोक हे सर्रास करतात, मी व्हिडिओ बघितलेत. मग इथे काय अडचण आहे? अगदीच नसेल जमत, तर निदान सनरूफ तरी कापून घेऊ का?"

तुला 'तू'च म्हणतो, माझा धाकटा भाचा तुझ्याच वयाचा आहे. आणि उत्तर आधीच देऊन टाकतो, नाहीतर तू खालपर्यंत वाचून होईस्तोवर मेस्त्री ग्राइंडर घेऊन उभा राहायचा. कापू नकोस. आधी फोन करून काम थांबव, मग पुढचं वाच.

थांबवलंस? आता घरात आंब्याची रिकामी लाकडी पेटी असेल तर घे. झाकण खिळ्यांनी ठोकलेलं असताना पेटी दोन कोपऱ्यांत धरून पिळायचा प्रयत्न कर. हलणार नाही. आता झाकण उचकटून काढ आणि तीच पेटी तशीच पीळ. फळ्या कचकचतात, एक कोपरा वर, एक खाली. पेटीच्या तळाला किंवा बाजूंना तू हातही लावलेला नाहीस, तरी ती लुळी पडली. मोनोकॉक गाडीचं असंच असतं. तिला वेगळी चॅसी, म्हणजे खाली ओझं पेलणारा सुटा सांगाडा, नसते, तळ, बाजू, खांब आणि छत मिळून एकच खोका होतो आणि सगळं वजन तो खोकाच पेलतो. पुढची चाकं एका टोकाला, मागची दुसऱ्या टोकाला, मध्ये तुम्ही बसलेले. अशा वेळी तळ ताणला जातो आणि छत दाबलं जातं. छत काढलं की दाब घ्यायला वर कोणी उरत नाही.

तू म्हणशील, मग जिप्सी आणि थार उघड्या कशा फिरतात? त्यांच्याखाली शिडीसारखी जाडजूड चॅसी असते, ओझं ती वाहते, वरचं शरीर तिच्यावर बोल्टांनी बसवलेलं असतं. तुझ्या टीटीखाली असलं काही नाही. वाकून बघ हवं तर.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९८७ साली फोंड्याला मी नुकतं गॅरेज टाकलं होतं, अंगात मस्ती होती. एका मित्राची जुनी फियाट होती, कार्निव्हलच्या मिरवणुकीसाठी ती उघडी करायची असं आम्ही चौघांनी ठरवलं. फियाटही मोनोकॉकच. हॅकसॉ आणि छिन्नी घेऊन सकाळी सुरुवात केली, दुपारी चारला छत सुटलं. ते उचलून माडाखाली ठेवलं, टाळ्या पिटल्या, फोटो काढले. मग मित्र ड्रायव्हरचं दार लावायला गेला. दार लागेना. वरची कड मागच्या खांबावर आपटून परत येत होती. बिजागरीचे स्क्रू ढिले करून पाहिले, कानस मारून पाहिली. शेवटी एकाला सुचलं म्हणून गाडीच्या बरोबर मध्यावर, दाराच्या उंबऱ्याखाली जॅक लावला आणि जेमतेम अर्धा इंच उचलला. दार खट्कन बसलं. जॅक काढला, पुन्हा अडकलं. जॅक लावला, बसलं. हा खेळ आम्ही चार-पाच वेळा केला आणि दर खेपेला आमचे चेहरे थोडे अधिक उतरत गेले. गाडी पोटातून खचली होती.

तरी शहाणपण कुठलं यायला! दारं दोरीने बांधली, मागे तिघं बसले आणि निघालो पणजीला. म्हार्दोळ पार केलं, बाणास्तारीच्या अलीकडे रस्त्यात एक आडवा खड्डा होता, त्यात पुढची दोन्ही चाकं गेली आणि समोरची काच खालच्या कोपऱ्यापासून आडवी टिचली. कशावर आदळली नव्हती, नुसती चौकट पिळली गेली म्हणून. ती गाडी पुढे भंगारात गेली. छत मात्र बरीच वर्षं मित्राच्या परसात कोंबड्यांच्या खुराड्यावर होतं.

आता व्हिडिओंचं. परदेशात लोक हे काम करतात, खोटं नाही. पण ज्यांनी ते नीट केलं त्यांनी छत सगळ्यात शेवटी कापलं. आधी गाडी जिगवर, म्हणजे न हलणाऱ्या पोलादी चौकटीवर, पक्की बांधायची. दारांच्या पोकळीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करायचे, म्हणजे कापताना शरीर हलणार नाही. मग दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांत आतून जाड पोलादी पट्ट्या भरायच्या, सीटच्या मागे आडवा तुळईसारखा भाग घालायचा, तळाला फुलीच्या आकाराची बांधणी करायची, समोरच्या काचेच्या खांबांत नळी घालायची. हे सगळं झाल्यावर करवत. जर्मनीत ओस्नाब्रुकच्या कारमान कारखान्याने १९४९ पासून फोक्सवॅगन बीटलच्या उघड्या गाड्या बांधल्या, त्याही उंबऱ्यांत असंच पोलाद भरून. म्हणून उघडी गाडी सहसा आपल्या बंद बहिणीपेक्षा वजनदार असते. छत गेलं म्हणजे गाडी हलकी झाली असं लोकांना वाटतं, होतं बरोबर उलटं. पोर्शेने १९६५ मध्ये ९११ ची टार्गा, म्हणजे डोक्यावरचं छत काढता येणारी गाडी, दाखवली तेव्हा डोक्यामागे रुंद पोलादी कमान मुद्दाम ठेवली होती. गाडी उलटली तर माणसाच्या मानेआधी काहीतरी जमिनीला लागायला हवं ना.

हे झालं साध्या पोलादी गाड्यांचं. तुझी गाडी तशी नाही, आणि मेस्त्रीला हे माहीत असेल असं मला वाटत नाही, नाहीतर त्याने वीस दिवस सांगितले नसते.

फ्रिजवरचा एखादा लोहचुंबक घे आणि गाडीपाशी जा. दाराला लाव, चिकटेल. बॉनेटला लाव, पडेल. छताला लाव, तिथेही पडेल. या पिढीच्या टीटी कूपेच्या सांगाड्यात वजनाने ६९ टक्के ॲल्युमिनियम आहे आणि ३१ टक्के पोलाद. दारं, डिकीचं झाकण आणि मागचा तळ पोलादी, बाकी बहुतेक सगळं ॲल्युमिनियम. इंजिन पुढे असल्याने वजन मागेही जावं म्हणून कंपनीने हा हिशेब केला. हे दोन धातू एकमेकांना साध्या वेल्डिंगने जोडता येत नाहीत. कारखान्यात ते रिव्हेट, खास स्क्रू आणि चिकटद्रव्य वापरून जोडलेत, आणि मध्ये थर ठेवलाय, म्हणजे धातूला धातू थेट टेकू नये. टेकला आणि त्यात खारं पाणी गेलं की तिथे बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. गंजासारखं लाल दिसत नाही, रंगाखाली पांढरी भुकटी धरते आणि एक दिवस बोट लावलं की पत्रा आत जातो. आपल्याकडची हवा तुला सांगायला नको. हणजुण्याला खिडकीच्या गजांची काय अवस्था होते बघ, तेही नुसतं लोखंड असून.

मेस्त्री उंबऱ्यात पोलादी पट्टी भरायची म्हणेल, पण ती जोडणार कशाला? आजूबाजूला ॲल्युमिनियम. त्याच्या गॅरेजात आर्गॉनचं ॲल्युमिनियम वेल्डिंग आहे का, विचार. आहे म्हणाला, तर पोलादाशी जोड कसा देणार ते विचार. माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही. पत्र्याचं काम करणारी आपली माणसं हाताने काय काय घडवतात ते मी जन्मभर पाहिलंय. पण हे काम त्याच्या हातचं नाही. माझ्याही नाही.

अजून एक गंमत सांगतो. तुझ्या कूपेची डिकी साध्या डिकीसारखी नाही. मागच्या काचेसकट सगळं झाकण वर उचललं जातं आणि त्याच्या बिजागऱ्या छतात आहेत. छत कापलं तर झाकण लटकणार कशाला? त्याच झाकणावर तो १२० च्या वेगाला आपोआप वर येणारा स्पॉयलर, म्हणजे वारा दाबणारी पट्टी, आहे, जो गोव्यात रीतसर गाडी चालवणाऱ्याने कधी आपोआप वर आलेला पाहिलेला नसणार. म्हणजे नुसतं छत नाही, गाडीचा मागचा अर्धा भाग नव्याने घडवायचा आहे. कंपनीने तेच केलं. टीटीची उघडी रोडस्टर काढताना मागच्या सीटा काढून टाकल्या, तिथे आडवी भिंत घातली, काचेचे खांब भक्कम केले, डोक्यामागे दोन कमानी दिल्या. तिच्या सांगाड्यात ॲल्युमिनियमचा वाटा ५८ टक्क्यांवर आला आणि पोलादाचा ४२ वर गेला. मूळ गाडी ज्यांनी बनवली त्यांनाही नुसतं छत काढून भागलं नाही.

पत्रात तू ओझरतं लिहिलंयस की परदेशातून रोडस्टरचा मागचा भाग मागवून जोडता येईल का. वर सांगितलेली जोडाची भानगड तिथेही आहेच. शिवाय चॅसी नंबर, म्हणजे गाडीवर कोरलेला ओळखीचा नंबर, कूपेचाच राहतो.

आणि चॅसी नंबरावरून आलो कायद्यावर. हा भाग कंटाळवाणा आहे, पण बाबा बहुधा याच्यामुळेच गप्प झालेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत जे तपशील आहेत ते कंपनीच्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही आली: परवानगीत न बसणाऱ्या दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीएनजी किट, दिव्यांग चालकासाठी केलेले फेरफार, रंग बदलणं यांना रीतसर वाट आहे, अर्ज करून आरसीवर नोंद होते. छत कापण्याला अशी वाट नाही. पाच हजार तू भरशीलही, पण नोंदणी निलंबित झाली तर गाडी शोभेची. विम्याचं तर विचारूच नको. सर्व्हेअर आला, त्याला पॉलिसीवर कूपे दिसली आणि समोर कापडी हूड, की दावा गेलाच समज. आणि तुला गाडी न्यायची आहे सावंतवाडीला, म्हणजे पत्रादेवीचा नाका जाताना एकदा आणि येताना एकदा. छत नसलेली ऑडी, वर फुलांच्या माळा. नाक्यावरच्या हवालदाराला ती दिसली नाही तरच नवल.

समज, कायदा नसता आणि मेस्त्री जादूगार असता, तरी पाऊस आहेच. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हूडचं कापड ही सोपी बाब आहे, शिवणारे मिळतात. अवघड आहे ते कापड समोरच्या काचेच्या चौकटीला आणि दोन्ही दारांच्या काचांना जिथे टेकतं तो रबराचा जोड. कारखान्यात तो मिलिमीटरच्या हिशेबात बसवलेला असतो. अंदाजाने बसवलेला असेल तर पहिल्या मिरगाला तुझ्या मांडीवर धार लागेल. गालिच्याखाली पाणी साचलं की आठ दिवसांत कुबट वास, पंधरा दिवसांत बुरशी, आणि वायरिंगचे जोडही खालूनच जातात. त्यात आपल्याकडे गाडी उभी करायची कुठे? माडाखाली. पक्क्या छतावर नारळ पडला तर पोचा येतो. कापडी हूडावर पडला तर नारळ सीटवर. मांजरांना ते कापड नखं घासायला फार आवडतं, हेही अनुभवाने सांगतो.

मार्च ते मे उघड्या गाडीत दुपारी बसून बघ एकदा. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेवढ्यासाठी दीड लाख, आणि ते दीडवर थांबणार नाहीत हे तुलाही आतून माहीत आहे.

सनरूफचं उत्तर एका दमात: तेही नको. भोक लहान असलं तरी पत्रा तोच, कायदाही तोच. शिवाय सनरूफचं पाणी खांबांतून खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, कंपनीच्या गाड्यांतही त्या काजूच्या मोहराने आणि सुक्या पानांनी तुंबतात. बाहेरून बसवलेल्याच्या नळ्या नेणार कुठून?

मग करायचं काय? उघड्या गाडीचं वेड असणं यात मला काही गैर वाटत नाही, मलाही होतं. ते भागवायचा सरळ रस्ता म्हणजे टीटी विकून कारखान्यातूनच उघडी आलेली गाडी घेणं. मिनी कूपर कन्व्हर्टिबल, बीएमडब्ल्यूची झेड४, या आपल्याकडे रीतसर विकल्या गेल्यात आणि सेकंडहँड अधूनमधून निघतात. बाहेरच्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रस्ता कर हिशेबात धर. बघायला जाशील तेव्हा छत सलग पाच वेळा उघड-बंद करून बघ, मोटर कुठे कण्हते का ते ऐक. मग छत बंद करून, गालिच्यावर जुनी वर्तमानपत्रं पसरून, पंधरा मिनिटं वरून नळीने पाणी मार. कागद कोरडे निघाले तरच भावाचं बोल. मालक पाणी मारायला नको म्हणाला तर चहा पिऊन परत ये.

हे डिसेंबरपर्यंत होईलच असं नाही, व्हायची घाईही करू नकोस. लग्नापुरती उघडी थार भाड्याने मिळते, कारखान्यातूनच कापडी छताची आलेली. घेताना नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत एवढं बघ. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नकोस, ती भाड्याने देणं बेकायदेशीर आहे. सीमेपलीकडे न्यायची परवानगी आहे का, तेही आधीच विचार. पण मला विचारशील तर सावंतवाडीहून पन्नासेक किलोमीटर हमरस्त्याने उघड्या गाडीतून नवरी आणायचा बेत तिला एकदा सांगून बघ. ट्रकांचा धूर, शालू, गजरे. मुंडावळ्या बांद्यालाच उडून जातील. तिला टीटीत एसी लावून आण, आणि उघड्या गाडीची हौस गावच्या देवळापासून घरापर्यंतच्या शेवटच्या फर्लांगात भागव, ताशेवाल्यांच्या मागून, चालण्याच्या वेगाने. फोटोही तिथेच चांगले येतात.

टीटीवर मात्र राग काढू नकोस, ती सुंदर गाडी आहे. तिच्या दारांना काचेची चौकट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. दोन्ही काचा पूर्ण खाली कर आणि डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे साखळीवरून चोर्ला घाटाकडे निघ. केरीच्या पुढे रान दोन्ही बाजूंनी जवळ येतं, ओल्या पानांचा वास आत येतो, आणि डोक्यावर छत आहे याचा बऱ्याच वेळ विसर पडतो.

राहिले पंचवीस हजार. मेस्त्रीशी भांडू नकोस, पैसे परत मागून ओळख तोडूही नकोस. तू पत्रात लिहिलंयस की डाव्या दाराला आणि डिकीच्या झाकणाला मुंबईचे पोचे आहेत. ती दोन्ही कामं त्याला दे, पोलाद आहे, त्याच्या हातचं काम आहे, आगाऊ रकमेत वळती होतील. बॉनेटला आणि पुढच्या मडगार्डांना मात्र हातोडी लावू देऊ नकोस. गाडी सोडायला जाताना लोहचुंबक खिशात ठेव आणि बाबांना बरोबर घेऊन जा. कुठे चिकटतो आणि कुठे पडतो ते मेस्त्रीला त्यांनाच दाखवू दे.